विश्लेषण : जुन्या मोटारीचा आवाज नेमका कुठून? दोष इथेनॉलचा, वयाचा की खाऱ्या हवेचा?

मालवण, देवगड, वेंगुर्ले पट्ट्यात जुन्या मोटारीने जराशी कुरकुर केली, की हल्ली निदान तयारच असते : ‘पेट्रोलातल्या इथेनॉलमुळे.’ ऑगस्ट २०२५ मध्ये ई-२० पेट्रोलवरून देशभर वाद पेटला, तेव्हापासून हे उत्तर मालकालाही पटते आणि गॅरेजवाल्यालाही सोयीचे पडते. त्याच महिन्यात केंद्राने २० वर्षांवरील मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १० हजार रुपये केले. पाठोपाठ २२ सप्टेंबरपासून छोट्या नव्या मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे दारातली एमएच-०७ पाटीची जुनी गाडी दुरुस्त करावी की काढून टाकावी, हा प्रश्न सिंधुदुर्गातल्या अनेक घरांत आला आहे. त्याचे उत्तर बहुतेकदा एकाच गोष्टीवर अवलंबून असते : गाडी जो आवाज करते आहे तो तीनशे रुपयांचा आहे की तीस हजारांचा?

जुन्या गाड्या इथे इतक्या का?

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, ओम्नीचे २०१९ मध्ये. तरी दोन्ही गाड्या कोकणात आजही सहज दिसतात. आंब्याच्या पेट्यांपासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळे ओम्नीने वाहिले आहे. दुसरी रीत चाकरमान्यांची. मुंबई-ठाण्यात नवी गाडी आली, की जुनी गावच्या घरी जाते. ती गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात आणि घरात कुणी आजारी पडले तर बाहेर निघते, एरवी माडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. रोज धावणारी जुनी गाडी आणि दहा महिने उभी राहणारी जुनी गाडी यांची दुखणी अगदी वेगळी असतात, आणि निदानात पहिली गल्लत इथेच होते.

आवाज कसा ऐकायचा?

जुना मालवणी मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी विचारतो, ‘आवाज खयसून येता?’ त्याला जागेपेक्षा वेळ कळून घ्यायची असते. आवाज सकाळी गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? गाडी उभी असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर वाढतो का? की फक्त चालत्या गाडीत येतो? उभ्या गाडीत इंजिनाच्या गतीबरोबर वाढत असेल तर तो इंजिन किंवा त्याच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या भागांचा. इंजिनाची गती कितीही असो, चाकांच्या वेगाबरोबर बदलत असेल तर तो चाकाची बेअरिंग, ब्रेक किंवा अ‍ॅक्सलचा. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये घालून हे पाहण्याचा मोह टाळावा, सपाट रिकाम्या रस्त्यावर ती चाचणी करता येते. वळण घेतानाच ‘टकटक’ येत असेल तर इंजिनाकडे पाहूच नये, तो अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा आवाज असतो. त्या जॉइंटचे रबरी बूट फाटले, की आत वाळू जाते आणि किनाऱ्यावर वाळूला तोटा नाही.

क्लचचे बेअरिंगही असेच फसवते. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून क्लच दाबला आणि तेव्हाच घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग संपले आहे. उलट क्लच दाबल्यावर घरघर थांबत असेल तर गिअरबॉक्समधले बेअरिंग तपासावे लागते. या एका चाचणीला पैसा लागत नाही, पण ती न करता ‘इंजिनचे काम निघाले’ असे सांगितले जाऊ शकते.

कोकणातली आणखी एक सोय म्हणजे चिऱ्याचा गडगा. खिडक्या उघड्या ठेवून भिंतीलगत सावकाश गाडी नेली, की त्या बाजूचा आवाज भिंतीवर आपटून स्पष्ट ऐकू येतो. इंजिनाजवळचा आवाज शोधायला लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी आणि टोक संशयित भागावर टेकवतात. फिरत्या पट्ट्यापासून हात, ओढणी, बाही दूर ठेवली तर घरच्या माणसालाही अल्टरनेटर ओरडतो आहे की वॉटर पंप, हे कळू शकते.

टिकटिक आणि ठोका यांत फरक काय?

हा फरक सर्वांत महत्त्वाचा, कारण एकीकडे टॅपेट सेटिंग आहे आणि दुसरीकडे पूर्ण इंजिन उतरवणे.

इंजिनाच्या वरच्या भागातून, शिलाई मशीनसारखी हलकी आणि एकसारखी टिकटिक येत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातले अंतर वाढलेले असते. मारुती ८०० सारख्या इंजिनांत हे अंतर स्क्रूने कमीजास्त करता येते. ते फिलर गेज घालूनच बसवावे लागते, ‘हाताच्या अंदाजाने’ नव्हे. आवाज पूर्ण जावा म्हणून टॅपेट जास्त घट्ट केले तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, हळूहळू जळतो आणि गाडीची ताकद कमी होते. थोडी टिकटिक राहिलेली बरी, असे अनुभवी कारागीर सांगतात ते याचसाठी.

मात्र टॅपेटला हात लावण्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. पहिली ऑइलची पट्टी. पातळी खाली गेली किंवा ऑइल पाण्यासारखे पातळ झाले तरी वरचा भाग टिकटिकतो. दुसरी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट. तिथून वायू फुटला तर हुबेहूब टॅपेटसारखा आवाज येतो. थंड इंजिनात तो मोठा असतो आणि धातू तापून प्रसरण पावला, की फट मिटून तो कमी होतो. समुद्राजवळ मॅनिफोल्डचे नट-बोल्ट गंजून तुटतात, त्यामुळे इथे या शक्यतेला अधिक वजन द्यायला हवे. फटीभोवती काळी काजळी दिसली तर पुरावा समोरच आहे.

खोल ठोका ही वेगळी गोष्ट. खालच्या बाजूने, लाकडी दारावर मुठीने ठोकल्यासारखा आवाज, गाडी ओढायला लागली की वाढणारा आणि तापल्यावर अधिक स्पष्ट होणारा, हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यातला ऑइलचा पातळ थर नाहीसा होऊन धातूवर धातू आपटत असतो. सोबत ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद करणे एवढेच योग्य. ‘गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे’ या हिशेबाने नेलेली गाडी अनेकदा क्रँकसह जाते. शेल बदलून भागले असते तिथे क्रँक घासावा लागतो, कधी रॉड तुटून ब्लॉकलाच भोक पडते.

खात्री करायची तर जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत कारागीर एकेका प्लगची कॅप काढून पाहतो. ज्या सिलिंडरची ठिणगी बंद केल्यावर ठोका कमी होतो, दोष त्यात. इंजेक्शनच्या गाडीत मात्र प्लग नव्हे, इंजेक्टरचे कनेक्टर काढावे. नाहीतर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. डिझेल गाडीत नोझलचे पाइप ढिले करून पाहण्याची जुनी पद्धत कॉमन रेल इंजिनात अजिबात वापरू नये. तिथे हजार बारहून अधिक दाब असतो आणि सुटलेली बारीक धार कातडीत घुसू शकते.

आणि लाल दिव्याबाबतही घाई नको. दिवा लावणारा सेन्सर खराब असू शकतो. त्याच्या जागी ऑइल प्रेशर गेज जोडून दाब मोजता येतो. इंजिन खोलायला सांगणाऱ्या गॅरेजने आधी हा आकडा दाखवावा, एवढी मागणी ग्राहकाने करायला हरकत नाही.

सकाळी सुरू करताना दोन-चार सेकंद साखळी ओढल्यासारखी खडखड होऊन थांबत असेल तर टायमिंग चेनचा ताण देणारा भाग संशयास्पद. फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेलमध्ये, म्हणजे जुन्या स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा यांत वापरलेल्या इंजिनात, ऑइल बदलायला उशीर केला, की हा त्रास हमखास पुढे येतो. टायमिंग बेल्टची तऱ्हा उलटी. जुनी अल्टो, जुनी वॅगन आर, सँट्रो, डिझेल इंडिका यांत बेल्ट आहे आणि तो बहुधा न बोलताच तुटतो. डिझेल इंजिनांत तो तुटला, की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटून ते वाकतात. त्यामुळे सेकंडहँड गाडी घेताना ‘बेल्ट कधी बदलला?’ याचे उत्तर कागदावर नसेल, तर बदललेला नाही असेच धरून चालावे.

पावसाळ्यातली शिट्टी

मृगाचा पहिला पाऊस पडला, की सकाळी गाडी सुरू करताच किंचाळी ऐकू येऊ लागते. हा बहुतांश वेळा अल्टरनेटरचा पट्टा, ज्याला सगळे फॅन बेल्ट म्हणतात. तो ढिला किंवा गुळगुळीत झालेला असतो आणि दमट हवेत पुलीवर घसरतो. पट्ट्यावर थोडे पाणी शिंपडून पाहिले तर बरेच कळते : आवाज वाढला तर ताण कमी आहे, क्षणभर थांबून परत आला तर पुली सरळ रेषेत नाही किंवा पट्टा झिजला आहे. त्यावर ग्रीस, खोबरेल किंवा साबण लावण्याचे उपाय आवाज बंद करतात खरे, पण पट्टा अधिक घसरतो आणि बॅटरी चार्ज होत नाही. ज्या गाड्यांत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर चालतो तिथे इंजिन तापते.

किंचाळीऐवजी सतत घरघर असेल तर बेअरिंग. पट्टा सोडून इंजिन अर्धा मिनिट चालवले आणि आवाज गेला, तर दोष इंजिनात नाही हे सिद्ध होते. पट्टा सोडलेल्या इंजिनाला जास्त वेळ चालवायचे मात्र नाही.

दमट हवेचा दुसरा परिणाम म्हणजे ‘मिसिंग’. गाडी एका सिलिंडरने लंगडते, धक्के देते, पिकअप पडतो. प्लगच्या वायरींचे रबर चिरलेले असेल तर वीज प्लगऐवजी ओल्या लोखंडाकडे पळते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन सुरू ठेवले तर निळसर ठिणग्या डोळ्यांना दिसतात. तीन सिलिंडरच्या ८०० आणि ओम्नीत एक सिलिंडर बंद म्हणजे एक तृतीयांश ताकद गेली, त्यामुळे थरथर फार मोठी वाटते. ओम्नीत तर इंजिन पुढच्या सीटखालीच आहे. चालकाला वाटते इंजिन बसले, निघते प्लगची वायर.

आंबोली, फोंडा, करूळ : घाटच तपासणी करतो

सिंधुदुर्गातून कोल्हापूर-बेळगावकडे जाणारा प्रत्येक रस्ता सह्याद्री चढतो. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि सावंतवाडी जवळपास समुद्रसपाटीला. सपाट महामार्गावर लपलेला दोष या चढावर उघडा पडतो.

वरच्या गिअरमध्ये चढताना पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी किणकिण येते, तिला गॅरेजमध्ये ‘नॉकिंग’ म्हणतात. सिलिंडरमधले मिश्रण ठिणगीच्या आधी किंवा वेड्यावाकड्या पद्धतीने पेटते. पहिला उपाय चालकाच्या हातात असतो : खालचा गिअर. त्याने आवाज गेला नाही तर आत साचलेला कार्बन, चुकीचे टायमिंग किंवा तापलेले इंजिन यांकडे वळावे. इथे इथेनॉलवर येणारा आरोप मात्र उलटा पडतो. इथेनॉलचा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा जास्त आहे, त्यामुळे ई-२० ने ही किणकिण वाढण्याऐवजी सहसा कमीच व्हायला हवी.

धुराचा रंगही घाटात वाचता येतो. आंबोलीहून दाणोलीपर्यंत इंजिन ब्रेकवर उतरून आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच निळ्या धुराचा एक लोट मागे दिसला, तर व्हॉल्व्हच्या ऑइल सील गेल्या आहेत. त्या बदलायला तुलनेने कमी खर्च येतो. चढताना सतत निळा धूर म्हणजे पिस्टन रिंग झिजल्या, आणि तो खर्च मोठा. काळा धूर जादा इंधनाचा किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरचा. पांढरी वाफ आंबोलीच्या गारठ्यात सकाळी कोणत्याही गाडीतून निघते. इंजिन तापल्यावरही ती थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

गाडी तापणे हे घाटातले सर्वांत महाग दुखणे, आणि त्याची सुरुवात घरच्या विहिरीवर होते. रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. किनाऱ्यालगतच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळ पाणी असते. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात आणि अ‍ॅल्युमिनियमचे हेड आतून खातात. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळूनच भरायला हवे. काटा वर चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करावा, म्हणजे थोडी उष्णता गाडीत निघते. तरी चढत राहिला तर थांबावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडल्याने भाजल्याच्या घटना दर मोसमात घडतात, ते झाकण अर्ध्या तासाने उघडले तरी काही बिघडत नाही.

पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट थर दिसला, की ‘हेड गॅस्केट गेले’ असे सांगून घाबरवले जाते. रोज बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन येणारी गाडी पुरती तापतच नाही, त्यामुळे आतली वाफ झाकणाला चिकटून हा थर होतो. पट्टीवरचे ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी घटत नसेल तर एक लांब फेरी मारून पुन्हा पाहावे. पट्टीवरच दुधी ऑइल असेल तर मात्र गाडी सुरू करू नये.

गणपतीला मुंबईहून येणाऱ्यांसाठी २०२५ मध्ये कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा मोटारींची रो-रो सेवा सुरू केली होती, भाडे गाडीमागे ७,८७५ रुपये. प्रतिसाद बेताचाच मिळाला. जुन्या गाडीने पाचशे किलोमीटर खड्डे खात येण्याची तयारी लोकांची अजून आहे, असा त्याचा एक अर्थ.

खारी हवा नेमके काय करते?

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते धातूवर बसतात आणि हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे पाऊस नसतानाही पृष्ठभाग ओला राहतो आणि गंज चालू राहतो. किनाऱ्यालगतच्या तारकर्ली, देवबागमधली गाडी आणि डोंगराकडच्या वैभववाडीतली त्याच वर्षीची गाडी यांची खालची बाजू शेजारी ठेवून पाहिली तर वेगळे काही सांगावे लागत नाही.

इंजिनातला म्हणून सांगितला जाणारा बराच आवाज या गंजातून येतो. सायलेन्सरवरचे पातळ उष्णतारोधक पत्रे बोल्ट गंजून सुटतात आणि ठरावीक वेगाला टिणटिण वाजतात. हाताने हलवून पाहिले (थंड असताना) तरी सापडतात, एका क्लॅम्पने गप्प बसतात. सायलेन्सरला भोक पडले, की फटफट होते. तो फक्त त्रास नाही. पुढच्या भागात गळती असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो, आणि पावसात काचा बंद असतात.

इंजिनचे रबरी फाउंडेशन बसले तर सुरू-बंद करताना आणि गिअर टाकताना ‘धप्प’ असा दणका येतो. अर्थिंगची पट्टी गंजली तर किल्ली फिरवल्यावर एकदाच ‘टक’ होते आणि पुढे शांतता. भराभर टकटक असेल तर बॅटरी उतरलेली, एकच टक असेल तर स्टार्टर, त्याचा सोलेनॉइड किंवा अर्थिंग. नवी बॅटरी घालूनही गाडी सुरू होईना, अशा तक्रारीमागे पन्नास रुपयांची गंजलेली तार असू शकते.

मग इथेनॉलचा दोष किती?

ई-२० पेट्रोलची विक्री ६ फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. त्याआधी जून २०२२ मध्येच देशाने १० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला होता. मूळ २०३० चे २० टक्क्यांचे उद्दिष्ट अलीकडे आणले गेले आणि २०२५ मध्ये ते गाठल्याचे सरकारने जाहीर केले. एप्रिल २०२३ आधीच्या बहुतेक गाड्या ई-२० साठी बनवलेल्या नाहीत, आणि पंपावर दुसरा पर्याय जवळपास उरला नाही, ही तक्रारीची मुळे. पर्यायी पेट्रोलची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

मायलेजचे गणित सरळ आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. २० टक्के मिश्रणात ती तूट सहा-सात टक्क्यांची होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी हाच ६ ते ७ टक्क्यांचा अंदाज होता. यातली निम्मी तूट १० टक्के मिश्रणावेळीच पदरात पडली होती. त्यामुळे आधी १६ किलोमीटर देणारी गाडी ई-२० ने १५ देऊ लागली तर कारण इंधन असू शकते. ती ११ वर आली असेल, तर टायरमधली हवा, अडकलेला ब्रेक, एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर पाहा.

रबराचा प्रश्न मात्र खरा आहे. जुन्या गाड्यांचे इंधन पाइप, कार्बोरेटरमधील गॅस्केट, पंपाचे पडदे इथेनॉलने फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर असे भाग बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मधील निवेदनात मान्य केले आहे. मंत्रालयाने ही किरकोळ बाब म्हटली. भागाच्या किमतीने ती किरकोळ आहेही, पण चिरलेल्या पाइपातून गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे किरकोळ नाही. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर आवाजाच्या कोणत्याही तक्रारीआधी तो शोधावा.

कार्बोरेटरच्या गाडीत आणखी एक अडचण आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच इंधनात मिश्रण विरळ होते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर पाहून संगणक इंधन वाढवतो, कार्बोरेटरला ते कळत नाही. सकाळी चोक ओढूनही सुरू व्हायला वेळ लागणे, एक्झॉस्टमध्ये फट्ट होणे, संथ गतीला बंद पडणे ही त्याची लक्षणे. जेट आणि मिश्रणाचा स्क्रू जुळवून ते बरेचसे सुधारते. शिवाय इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ सोडवते आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. अशा वेळी पंप बदलण्याआधी फिल्टर बदलून पाहावा.

सिंधुदुर्गात खरी जोखीम उभ्या गाडीला आहे. इथेनॉल पाणी ओढते. ई-२० बऱ्यापैकी पाणी सामावून घेते, पण मर्यादा ओलांडली, की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात. इंधन पंप नेमका तळातून ओढतो. हवेतल्या दमटपणापेक्षा गंजलेल्या टाकीच्या झाकणातून झिरपणारे पावसाचे पाणी यात अधिक घातक. चार महिन्यांनी चतुर्थीला गाडी सुरू होत नसेल तर टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवावे, तळाला वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही. शंका पंपाची असेल तर फिल्टर पेपर, घनता आणि पाच लिटरच्या मापाची तपासणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

अशी गाडी बाहेर काढताना आधी बॉनेट उघडून पाहावे. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांची घरटी आणि कुरतडलेल्या वायरी सापडणे ही गावात नवलाची गोष्ट नाही. हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी ड्रमला चिकटते, त्यामुळे पावसाळाभर उभी करताना गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावलेला चांगला.

पुराच्या पाण्यातून नेलेली गाडी

खारेपाटण, बांदा इथे पुराचे पाणी बाजारात शिरणे हे दर पावसाळ्याचे भय. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न हीच सर्वांत मोठी चूक. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही, उलट कनेक्टिंग रॉड वाकतो. पुढे महिनाभराने सुरू झालेला ठोका याचा असू शकतो. प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढणे, ऑइल बदलणे आणि मगच सुरू करणे हा क्रम. पाण्यात किल्ली फिरवल्याने झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही. त्यासाठीचे जादा संरक्षण जुन्या गाड्यांना बहुतेक कंपन्या देत नाहीत.

दुरुस्ती की निरोप?

दिल्ली आणि परिसरात डिझेल गाड्यांना १० आणि पेट्रोल गाड्यांना १५ वर्षांची वयोमर्यादा ठरवली गेली, त्यामुळे इथेही ‘पंधरा वर्षांनी गाडी भंगारात’ असा समज पसरला आहे. महाराष्ट्रात खासगी मोटारीला अशी वयोमर्यादा नाही. १५ वर्षांनी तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. एप्रिल २०२२ पासून त्याचे केंद्रीय शुल्क ६०० ऐवजी ५ हजार रुपये झाले, २० वर्षांवरील गाडीला आता १० हजार. राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

म्हणजे ओरोसच्या परिवहन कार्यालयात जाण्याआधीच हिशेब करायला हवा. टॅपेट, पट्टे, प्लग वायरी, फाउंडेशन, इंधनाचे पाइप, सायलेन्सर हे सगळे एकत्र केले तरी जुन्या छोट्या गाडीत तो खर्च परवडतो आणि गाडी पाच वर्षे चालते. खोल ठोका किंवा सतत निळा धूर असेल तर इंजिन बांधण्याचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जातो. त्यातही कॉम्प्रेशन टेस्ट करून प्रत्येक सिलिंडरचा आकडा घेतल्याशिवाय निर्णय घेऊ नये. एकच सिलिंडर पडला असेल तर काम अर्ध्यावर भागू शकते.

किनाऱ्यावर मात्र इंजिनाआधी बॉडी संपते. गाडी जॅकवर घेतल्यावर जॅक लावायची जागाच आत दबली, दरवाजाखालची पट्टी स्क्रूड्रायव्हर टेकवताच भोसकली गेली किंवा सस्पेन्शन जिथे बसते तिथला पत्रा पापुद्र्यांनी सुटत असेल, तर इंजिन कितीही गोड चालत असले तरी त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, गाडी रॅम्पवर चढवून ही जागा स्वतः पाहून घ्यावी. नूतनीकरणाचे पैसे भरायचे की नाहीत, हे तिथेच ठरते.